पेटी रद्दीत घालण्याआधी : पार्ल्यातल्या एका शांत इमारतीच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक मंडळ व सर्व सदनिकाधारक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

आणि पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या आसपासच्या सगळ्या इमारतींच्या कार्यकारिणींनाही,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी गच्चीवर विकासकाच्या मसुद्याचं वाचन झालं. कार्पेट एरिया, भाडं, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस, बँक गॅरंटी, प्रत्येक कलमावर आपण तावातावाने बोललो, आणि बोलायलाच हवं होतं. शेवटी चहा आला तेव्हा खजिनदारांनी विचारलं, की जिन्याखालच्या खोलीतली पत्र्याची पेटी आणि कपाटातल्या जुन्या वह्या यांचं काय करायचं? "रद्दीवाल्याला फोन करा, पंधरा मिनिटांत नेईल," असं उत्तर आलं. कुणी हरकत घेतली नाही. मीसुद्धा नाही. घरी आल्यावर मात्र रात्रभर तीच पेटी डोळ्यांपुढे राहिली, म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण आज हा प्रश्न आपल्या एकट्याच्या इमारतीचा राहिलेला नाही. आपल्या गल्लीत या घडीला पत्रे लागलेल्या इमारती मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत.

मी या इमारतीत सून म्हणून आले. नोकरी बँकेत, म्हणून वह्या नीट ठेवील अशा भरवशाने आपण मला नऊ वर्षं सचिव केलंत. त्या नऊ वर्षांत मी ती पेटी तळापासून वाचली आहे. तिच्यात काय आहे ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपली इमारत सोसायटी नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना कर्ज काढायला गेल्यावर कळतं. बँकेतला माणूस शेअर सर्टिफिकेट मागतो आणि आपल्याकडे ते नसतंच. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, आणि सभासदाच्या हातात भागाचा दाखला. मुंबईला हा प्रकार जुनाच ठाऊक आहे. रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली, तेव्हापासूनचा. आपलं तसं नाही. आपली इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची आहे, म्हणजे कॉन्डोमिनियम. इथे प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो, आणि जमीन, जिना, गच्ची, विहीर यांत त्याचा अविभाज्य हिस्सा असतो. तो हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, आणि तो ज्या कागदावर लिहिलेला आहे ते नोंदणीकृत डिक्लेरेशन त्या पेटीत सगळ्यात खाली, मेणकापडात गुंडाळलेलं आहे. १२ सदनिका, प्रत्येकीपुढे दशांश चिन्हानंतर दोन आकडे, आणि खाली बेरीज बरोबर १००.

हे असं का झालं, तेही पेटीतच सापडतं. इथे पूर्वी बैठा बंगला होता. मागे विहीर, पुढे दोन नारळ आणि एक फणस. पार्ल्यात असे बंगले गल्लोगल्ली होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने द्यायला इमारत बांधणं मालकांना परवडेनासं झालं आणि मुंबईत ओनरशिपचे दिवस आले. सदनिका विकणाऱ्यांना वेसण घालायला १९६३ साली मोफा कायदा करावा लागला, इतक्या त्या वाढल्या. बंगल्याच्या मालकाच्या पश्चात तीन भावांनी इमारत बांधायचं ठरवलं. काही सदनिका त्यांच्या, बाकीच्या विकायच्या. पण वडिलांच्या जमिनीवरचं नाव तिघांपैकी कुणालाच सोडायचं नव्हतं. सोसायटी केली तर जमीन संस्थेची होणार, आणि या नव्या कायद्यात जमिनीतला हिस्सा आपल्याच नावे राहणार, असं त्यांच्या वकिलाने लिहून कळवलं. ते टंकलिखित पत्र आहे. समासात धाकट्या भावाच्या हातचं एकच वाक्य आहे : "आईला विचारले, तिची हरकत नाही."

कॉन्डोमिनियम हा शब्द मूळचा लॅटिन, एकत्र मालकी असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला सामाईक हा शब्द कधीपासून आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक अंगण. आपल्यातले बरेच जण कोकणातून आलेले आहेत, तेव्हा या शब्दावरून तिकडे किती पिढ्यांच्या कोर्टकचेऱ्या झाल्या ते मी वेगळं सांगायला नको. इथे तशी वेळ आली नाही. का आली नाही, ते इतिवृत्ताच्या वह्यांत आहे.

आता विहिरीबद्दल. या कायद्याखालच्या उपविधींप्रमाणे आपल्याकडे मतं टक्क्यांनी मोजायची असतात. मोठ्या सदनिकेचं वजन जास्त, लहानीचं कमी. पण वह्या उघडून बघा. पानोपानी "एकमताने संमत" असंच आहे. सगळ्या वह्यांत टक्के फक्त एकदा मोजले गेले, ते विहिरीसाठी. बाजारात मारुती नुकती आली होती आणि इमारतीत एकामागोमाग गाड्या आल्या. विहीर बुजवून तिथे गाड्या लावाव्यात असा प्रस्ताव आला. सभा रात्री साडेनऊला सुरू होऊन बाराला संपली, असं लिहिलं आहे. त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने केलेली बेरीज अजून दिसते. दोनदा केलेली, एकदा चुकून खोडलेली. बुजवू नये, ५१.८०. बुजवावी, ४८.२०.

मला जपायचं आहे ते त्याच्या पुढचं पान. सभा झाल्याला आठवडाही उलटला नव्हता. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायचा ठराव, खर्च टक्केवारीप्रमाणे, आणि कामावर देखरेख करायची जबाबदारी ज्यांनी घेतली ते गृहस्थ बुजवण्याच्या बाजूचे पुढारी होते. त्यांच्याच अक्षरात जाळीच्या सळ्यांचं माप आहे, लोहाराशी झालेली घासाघीस आहे, आणि शेवटी "काम चोख झाले" असा शेरा आहे. हरलेल्या माणसाने असं वागावं यासाठी इमारतीत आधी काय काय घडलेलं असावं लागतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

तीच विहीर पुढे कामाला आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. वीज नाही, पंप नाही. पाणी ओसरल्यावर दोन दिवस सगळ्यांनी घरांतला आणि जिन्यातला चिखल विहिरीच्या पाण्याने धुतला. वहीत त्याची नोंद तीन ओळींची आहे : तळमजल्याच्या दोन घरांची सोय पहिल्या मजल्यावर केली, पिठलं-भात तिसऱ्या मजल्यावरून, दोर कमी पडला म्हणून वाळत घालायच्या दोऱ्या जोडल्या. दर पावसाळ्याआधी महापालिकेचे लोक डासांसाठी विहीर तपासायला येतात आणि गप्पी मासे सोडायला सांगतात, त्याचीही नोंद वर्षानुवर्षं आहे.

नव्या नकाशात विहिरीच्या जागी पझल पार्किंगचा, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक लावण्याच्या सोयीचा, खड्डा आहे. विहीर राहावी की जावी, याबद्दल मी इथे वाद घालत नाही. गाड्या लावायला जागा हवीच आहे, आणि विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, उंचीवर मर्यादा असल्याने आपल्या वास्तुविशारदाचे हातही बांधलेले आहेत. पण ज्यांना त्यावर सही करायची आहे त्यांनी ती दोन पानं आधी वाचलेली असावीत, एवढं मागण्याचा मला हक्क आहे असं मी मानते.

आपल्या इमारतीला सगळे शांत म्हणतात. घर बघायला येणारा दलालसुद्धा हेच म्हणतो. डोक्यावरून विमानं जातात, तेवढ्यापुरतं बोलणं थांबवायचं आणि मग तिथूनच पुढे सुरू करायचं, ही आपली सवय झाली आहे. तरीही इमारत शांत आहे, ते खरंच. पण ही शांतता आयती मिळालेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० साली आले, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आपल्या वह्यांत त्याच्या कितीतरी आधीपासून ठराव आहेत. दुपारी दोन ते चार मसाला कुटायचा नाही. मार्च महिन्यात दहावीचं मूल ज्या मजल्यावर असेल तिथे जिन्यात रेडिओ लावून बसायचं नाही. दिवाळीत फटाके आवारात उडवायचे नाहीत, कोपऱ्यावरच्या मैदानात जायचं. शेवटच्या ठरावामागे भांडण होतं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा हृदयविकाराच्या झटक्यातून उठले होते, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांच्या खिडकीखाली लवंगी माळ लागली. दोन कुटुंबं त्यानंतर सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती. पुढच्या दिवाळीत त्याच घरातल्या मुलाने मैदानात न्यायच्या फटाक्यांच्या पिशव्या वाहिल्या. हे शेवटचं वहीत नाही. मी पाहिलं आहे. तो मुलगा आज आपल्या व्यवस्थापक मंडळावर आहे.

१९९३ च्या जानेवारीचं पान अगदी कोरडं आहे. गस्तीचा तक्ता, रात्री दहा ते पहाटे पाच, दोन-दोन माणसांच्या पाळ्या, फाटकाच्या दोन किल्ल्या कुणाकुणाकडे. बस. काय चाललं होतं, कशाची भीती होती, याबद्दल एक अक्षर नाही. पण पाळ्यांतल्या जोड्या नीट बघितल्या तर कळतं, की एरवी ज्यांचं पटत नसे अशांना मुद्दाम एकत्र बसवलं होतं.

आणि मामा. तरुण मंडळींना ते आठवणार नाहीत. राजापूरकडचे, जिन्याखालच्या खोलीत राहत, पहाटे चारला उठून पंप लावत. तेव्हा पाणी पहाटेच यायचं. आरे केंद्रावरून बाटल्यांचं दूधही तेच आणून दारादारांत ठेवत, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली की बिस्किटांच्या कारखान्याचा गोडसर वास त्याच वेळी गच्चीवर येई. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ साली बंद झाला. मामांचं नाव डिक्लेरेशनमध्ये नाही, एकाही दस्तात नाही. जमिनीत त्यांचा टक्का शून्य. पण रोजकीर्दीच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी ते आहेत. पहिली काही वर्षं रेव्हेन्यू स्टँपवर निळ्या शाईचा अंगठा आहे. मग एका पानावर अंगठ्याच्या शेजारी वेडीवाकडी तीन अक्षरं आहेत, आणि पुढच्या महिन्यापासून अंगठा नाही, फक्त सही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई शाळेत शिकवायच्या. त्या रोज संध्याकाळी अर्धा तास मामांना पाटीवर गिरवायला द्यायच्या, असं माझ्या सासूबाई सांगत. ती दोन पानं समोरासमोर येतात. पान उलटायचं नाही, नुसती वही उघडायची, की डावीकडे अंगठा आणि उजवीकडे सही.

ही वही किलोवर विकली तर तिचे किती रुपये येतील, हे मला सांगवत नाही.

पार्ल्यात इतिहासाची किंमत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. १९२१ चं पार्ले टिळक विद्यालय, १९२३ चा लोकमान्य सेवा संघ, दोघांचीही शंभरी आपण अभिमानाने साजरी केली. संस्थांचा इतिहास लिहिला जातो, कारण त्यांच्याकडे कार्यालय असतं, शताब्दी असते, स्मरणिका असते. १२ घरांच्या इमारतीची स्मरणिका कोण काढणार? इथे कुणी मोठा नेता राहिला नाही, कुठला प्रसिद्ध खटला झाला नाही, वर्तमानपत्रात आपलं नाव कधी आलं नाही. अशा घरांचा इतिहास वह्यांत असतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतो. तिसरीकडे कुठेही नसतो. आणि मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य अशाच इमारतींत जातं.

ज्यांना हे भावनिक वाटतं आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. आपल्या जवळच्याच एका इमारतीने, तिचं नाव मी लिहीत नाही, बाहेर पडताना सगळं दप्तर रद्दीत दिलं. वर्षभराने एका सदनिकेच्या वारसांत वाद झाला. गॅरेज मूळ त्या सदनिकेचं की नंतर आपसात बदललेलं, हा प्रश्न. बदलल्याचा ठराव झाला होता हे चार जणांना आठवत होतं, पण ठरावाची वही नव्हती. त्या घरातल्या बाई भाड्याच्या घरात बसून अजून कागद शोधत आहेत. आपल्याकडे अशा किती गोष्टी आहेत ते आठवा. कुणी बाल्कनी आत घेतली तेव्हा महापालिकेत भरलेल्या पैशांची पावती, लिफ्ट नंतर बसवली तेव्हा तळमजल्याने किती द्यायचं यावर झालेली तडजोड, गच्चीवरच्या टाकीचं वाढीव काम. या सगळ्याचा आधार त्याच पेटीत आहे. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सरकारने ४ जुलै २०१९ ला सुधारित कार्यपद्धती घालून दिली. तिच्यात सभेचं चित्रीकरणसुद्धा करायला सांगितलं आहे, आणि ते योग्यच आहे. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या सभा ज्या वह्यांत आहेत त्या मात्र आपण विकायच्या?

आणखी एक गोष्ट मला बोचते, आणि त्यात मीही दोषी आहे. २०२० च्या टाळेबंदीत सभा थांबल्या आणि सगळं व्हॉट्सअॅपवर गेलं. त्या दिवसांत या इमारतीने काय नाही केलं? दुसऱ्या मजल्यावरचं सगळं घर आजारी होतं, तेव्हा दोन आठवडे त्यांच्या दाराबाहेर डबे ठेवले गेले. औषधं, ऑक्सिमीटर, तळमजल्याच्या काकांना दवाखान्यात नेणारी गाडी. त्यातलं एक अक्षर वहीत नाही. इतिवृत्त २०२० च्या फेब्रुवारीला थांबतं आणि पुढे कोरी पानं आहेत. सचिवपद तेव्हा माझ्याकडे नव्हतं, पण लिहायला मला कुणी अडवलंही नव्हतं. फोन बदलले, ग्रुप बदलला, निरोप पुसले गेले. १९९३ च्या गस्तीच्या पाळ्या आज मी तुम्हाला वाचून दाखवू शकते, आणि २०२० चे डबे कुणाच्या घरून गेले ते आपल्याला आठवून आठवून सांगावं लागेल.

म्हणूनच मला घाई आहे. इमारत रिकामी केली की तीन वर्षं आपण पांगणार. कुणी बोरिवलीला, कुणी ठाण्याला, कुणी मुलाकडे पुण्याला. पहिल्या दिवसापासून इथे राहणारे आता फक्त दोघे उरले आहेत. तळमजल्याच्या आजी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. दोघांचीही ऐंशी उलटली आहे. तीन वर्षांनी ते परत येतील अशी मी रोज प्रार्थना करते, पण प्रार्थनेवर विसंबून राहू नये. आजींना मागच्या आठवड्यात भेटले, तेव्हा त्यांनी फणसाची गोष्ट सांगितली. इमारतीचा पाया खणताना तो तोडला, आणि त्याच्या लाकडातून धाकट्या भावाने देवघर करून घेतलं. ते देवघर अजून आजींच्याच घरात आहे, आणि मला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. मी रोज त्याच्यासमोरून गेले आहे.

येत्या रविवारच्या विशेष सभेत विकासकाच्या मसुद्याआधी एक ठराव मी मांडणार आहे. तो आत्ताच लिहून देते, म्हणजे कुणाला ऐन वेळी विचार करावा लागणार नाही :

"असा ठराव करण्यात येतो की इमारतीचे मूळ डिक्लेरेशन, मंजूर नकाशे, इतिवृत्ताच्या सर्व वह्या, रोजकीर्दी, पत्रव्यवहार व तक्रारवही यांची यादी करून प्रत्येक पानाची स्कॅन प्रत काढावी व ती सर्व सदनिकाधारकांना द्यावी. मूळ कागद स्थलांतराच्या काळात मंडळाच्या ताब्यात, कोरड्या जागी, कुलपात राहतील. नव्या इमारतीच्या कार्यालयात त्यांच्यासाठी एक कपाट देण्याचे कलम विकासकाबरोबरच्या करारात घालावे. इमारत रिकामी करण्यापूर्वी ज्येष्ठ रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, व २०२० पासूनच्या घटना सर्वांना विचारून इतिवृत्ताच्या कोऱ्या पानांवर लिहून पूर्ण कराव्यात."

सूचक मी. अनुमोदक म्हणून आजींनी होकार दिला आहे. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून सभा गच्चीऐवजी खाली विहिरीपाशी घ्यावी अशी विनंती आहे. स्कॅनिंगचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन, त्याचा बोजा कुणावर नाही. यादी करायला कॉलेजातल्या दोन मुली तयार आहेत, एक आपल्या इमारतीतली आणि एक समोरची. समोरच्या इमारतीच्या मंडळींनो, तुमची पेटी माळ्यावर आहे असं तिच्याकडून कळलं. तुमच्याकडे अजून पाडकामाची नोटीस नाही, तेव्हा ती आजच खाली काढा. वाळवी बघून घ्या.

आमच्या पेटीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी सहापासून जिन्याखालच्या खोलीत मी बसेन, पेटी उघडी असेल. रद्दीच्या बाजूने मत द्यायचं असेल त्यांनीही यावं आणि मामांची ती वही एकदा हातात घ्यावी. हात कोरडे असू द्या, पानं ठिसूळ झाली आहेत.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक सदनिकाधारक व माजी सचिव